कुत्र्याच्या हार्टचा डॉक्टर व्हायला परदेशी जायचंय? जरूर जा, पण आधी हे वाचा

पशुवैद्यकीय कॉलेजच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा परवा फोन आला. घरची चार एकर कोरडवाहू, वडील डेअरीला दूध घालतात. तिला प्राण्यांच्या हृदयरोगात पीएचडी करायची आहे, तीही परदेशात. घरी सांगितलं तर चुलते हसले. म्हणाले, "माणसांना हार्टचा डॉक्टर मिळंना आणि ही चालली कुत्र्याचं काळीज तपासायला!" कॉलेजात सांगितलं तर सर म्हणाले, वा वा, नाव काढशील. तिने मला विचारलं, काका, यांच्यात खरं कोण बोलतंय?

माझ्या मते दोघंही अर्धंच बोलतायत. हसणाऱ्यांना हा विषय किती मोठा आहे ते माहीत नाही. वाहवा करणाऱ्यांना परदेशातली पीएचडी म्हणजे काय आणि हृदयाचा डॉक्टर होणं म्हणजे काय, यातला फरक माहीत नाही. आणि हा दुसरा फरक शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारी योजनांनाही नीट माहीत नाही. त्यात जनतेचा पैसा आणि पोरांची उमेदीची सात-आठ वर्षं जातात, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय. मी स्वतः बावीस वर्षं गावोगाव फिरून गुरांची डॉक्टरकी केली. संशोधक नाही, पण शेतकऱ्याच्या गोठ्यात आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये काय घडतं ते रोज बघितलंय.

आधी हसणाऱ्यांसाठी.

कुत्र्याला माणसासारखा हार्ट अटॅक सहसा येत नाही. रक्तवाहिनीत चरबी साचून ती तुंबणं हा प्रकार कुत्र्यात क्वचितच. त्याचा त्रास वेगळा असतो. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप वयानुसार जाड आणि वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही, आणि दर ठोक्याला थोडं रक्त उलटं मागे जातं. कुत्र्यांच्या हृदयविकारात साधारण पाऊण वाटा या एका दुखण्याचा आहे. लहान चणीच्या जातींमध्ये जास्त. आपल्याकडे घरोघरी पांढरं पॉमेरेनियन किंवा स्पिट्झ असतं ना, तेच. डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या मोठ्या कुत्र्यांचं दुखणं निराळं, त्यांच्यात हृदयाचा स्नायूच पातळ होऊन सैल पडतो.

आता घरात काय दिसतं? दहा वर्षांचा कुत्रा रात्री खोकतो. मालक म्हणतो सर्दी झाली. जवळचा डॉक्टर खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक देतो. दोन आठवड्यांनी परत तेच. तिसऱ्या खेपेला कुत्रा मान ताणून, पुढचे पाय फाकवून बसलेला असतो, आडवा होऊ शकत नाही, कारण फुप्फुसात पाणी भरलंय. मग धावपळ. यातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या छातीला पहिल्याच दिवशी नीट कान लावला असता तर ठोक्याबरोबर येणारा 'फुस्स' असा आवाज ऐकू आला असता.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट सांगतो, घरात म्हातारा कुत्रा असेल तर लक्षात ठेवा. तो गाढ झोपलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. वर आणि खाली मिळून एक. तीसच्या आत असेल तर ठीक. झोपेत सतत तीसच्या वर जायला लागलं तर वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या. याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आता या दुखण्यावर औषध नाही असंही नाही. २०१६ मध्ये 'एपिक' नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या देशांतली ३६० कुत्री होती. झडप खराब झालेली, हृदय मोठं झालेलं, पण अजून धाप लागायला सुरुवात न झालेली. त्यातल्या निम्म्यांना पिमोबेंडान नावाचं औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषध मिळालेल्यांचा त्रासाविना गेलेला काळ साधारण पंधरा महिन्यांनी वाढला. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे किती, विचार करा. पण यात एक मेख आहे. ते औषध या टप्प्यावर द्यायचं तर हृदय खरंच मोठं झालंय का, हे इकोवर आणि एक्स-रेवर मोजून ठरवावं लागतं. म्हणजे गोळी दुकानात मिळाली तरी मोजणारा माणूस पाहिजे. नाहीतर जिला गरज नाही तिला गोळी जाते, आणि जिला गरज आहे ती राहून जाते.

"ठीक आहे, पण ही सगळी शहरातल्या लाडक्या कुत्र्यांची कौतुकं झाली," असं कोणी म्हणेल. थांबा. आता गोठ्यात चला.

गाय-म्हैस चरताना ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून भराभर गिळते. कडब्यात, कुट्टीत, पेंडीत तारेचा तुकडा, खिळा, सुई आली तर तीही जाते. ती जड वस्तू पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. आता त्या कप्प्याची जागा बघा. पुढे श्वासाचा पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. पोट आवळलं की तार पुढे सरकते, पडदा भेदते आणि काळजाच्या पिशवीत घुसते. तिथे पू होतो, पाणी साचतं, हृदयाला फुलायला जागा उरत नाही. बाहेरून काय दिसतं? जनावर दूध एकदम कमी करतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं, उतारावर चालायला कां-कू करतं. मग मानेची शीर दोरीसारखी फुगते आणि गळ्याखालच्या पोळीला सूज उतरते. कान लावला तर ठोक्याऐवजी घागरीत पाणी हेंदकाळावं तसा आवाज. गावात याला कोणी घटसर्प म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. मी स्वतः बघितलंय, लाखाची म्हैस आठ दिवस सुजेच्या इंजेक्शनवर ठेवली आणि मग मेली. फाडल्यावर चार इंच तार.

पोटात चुंबक सोडून तारेला धरून ठेवता येतं, लवकर कळलं तर ऑपरेशन करता येतं. पण काळजाच्या पिशवीत पू झाल्यावर फारसं हातात राहत नाही. म्हणजे सगळा खेळ लवकर ओळखण्याचा. आणि लवकर ओळखणं म्हणजेच हृदयरोगाची विद्या. ती कुत्र्याची आणि म्हशीची वेगळी नसते, त्याच यंत्रावर दोन्ही दिसतात.

लाळ-खुरकूत घ्या. मोठ्या जनावराच्या तोंडात आणि खुरात फोड येतात म्हणून आपण तो रोग तोंड-पायाचा समजतो. लहान वासरात, रेडकात तोच विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. फोड यायच्या आधीच वासरू उभ्याउभ्या कोसळतं. मेल्यावर हृदय कापलं तर त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे फिके पट्टे. या रोगाच्या आणि ब्रुसेलोसिसच्या नियंत्रणासाठी केंद्राने २०१९ मध्ये १३,३४३ कोटींचा कार्यक्रम आणला, लसीकरण चाललंय, चांगलंच आहे. पण त्या साथीतून वाचलेल्या वासरांच्या हृदयाचं पुढे काय होतं, ती मोठी होऊन दूध किती देतात, दम टिकतो का, हा प्रश्न आपल्या गोठ्याचा आहे. तो कॅलिफोर्नियात कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

कोंबड्यांचंही तेच. ब्रॉयलर इतकी भराभर वाढते की फुप्फुस-हृदय मागे पडतं, उजवं हृदय थकतं आणि पोटात पाणी होतं. लीची रोग ऐकला असेल पोल्ट्रीवाल्यांनी. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरून ते सोललेल्या लीचीसारखं दिसतं, म्हणून हे नाव. शेडच्या शेड त्यात बसलेल्या आहेत.

आणि शर्यतीचे खिल्लार बैल? शर्यतीआधी बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला पशुवैद्याकडून घ्यावा लागतो. तो दाखला देताना आमच्या हातात काय असतं? गळ्यातला स्टेथोस्कोप आणि भोवती उभी असलेली दोनशे माणसं, जी म्हणतायत "डॉक्टर, सही करा लवकर". पळणाऱ्या खिल्लाराचं हृदय किती मोठं असणं ठीक आणि किती असलं की धोका, याचा आपल्या मातीतला तक्ता दाखला देणाऱ्याच्या खिशात असायला नको का?

तर हसणाऱ्यांनो, विषय लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-म्हशीच तीस कोटींच्या वर होत्या.

आता वाहवा करणाऱ्यांकडे येतो. इथे जरा बारकाईने वाचा, विशेषतः ज्यांची मुलं या वाटेने निघालीत त्यांनी.

परदेशात प्राण्यांच्या हृदयरोगाचं शिक्षण दोन वेगळ्या रस्त्यांनी होतं. एक रस्ता पीएचडीचा. तुम्ही एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जाता, एका बारीक प्रश्नावर तीन ते पाच वर्षं काम करता. उदाहरण सांगतो. मेन कून जातीच्या मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो, त्यामागचा एक जनुकीय दोष कॅथरिन म्यूर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिला. आज त्याची रक्तावरून चाचणी होते. पहिल्या दर्जाचं काम. पण अशा कामात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवस जातात डीएनए काढण्यात, आकडेमोडीत, निबंध लिहिण्यात. आजारी कुत्र्याच्या छातीवर इकोचा प्रोब धरायची वेळ त्याच्यावर येईलच असं नाही. कित्येकांना तर कायद्यानेच ती मुभा नसते, कारण तिथला डॉक्टरकीचा परवाना त्यांच्याकडे नसतो. आपली बीव्हीएससी घेऊन ब्रिटनमध्ये जनावराला हात लावायचा तर तिथल्या रॉयल कॉलेजची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. अमेरिकेत परदेशी पदवीधरांसाठी वेगळी प्रमाणपत्राची वाट आहे, शिवाय नॅव्हली नावाची परीक्षा आणि त्या त्या राज्याचा परवाना. पीएचडी मिळाली म्हणून यातलं काही माफ होत नाही.

दुसरा रस्ता रेसिडेन्सीचा. पदवीनंतर साधारण एक वर्ष फिरती इंटर्नशिप, मग तीन वर्षं हृदयरोगाच्या विभागात, बोर्डाची मान्यता असलेल्या तज्ज्ञाच्या हाताखाली, रोज रुग्ण. इको, ईसीजी, कॅथेटरने जन्मजात उघडी राहिलेली नळी बंद करणं, पेसमेकर बसवणं. शेवटी कडक परीक्षा. अमेरिकेत हे अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनकडे आहे, ते १९७३ मध्ये स्थापन झालं. युरोपात त्यांची स्वतःची तशीच संस्था. जगात ज्याला प्राण्यांचा कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात तो या रस्त्याने आलेला असतो. जपानच्या योकोहामामध्ये मसामी उएची कुत्र्याचं हृदय काही काळ थांबवून, शरीराचं काम यंत्रावर सोपवून, बिघडलेली झडप शिवून देतात. जगभरातून लोक कुत्री घेऊन तिथे जातात. तो हात पुस्तक वाचून येत नाही. रोजच्या सरावाने येतो.

काही विद्यापीठांत दोन्ही एकत्र करता येतं, रेसिडेन्सी आणि पीएचडी जोडून. सहा-सात वर्षं जातात, पण माणूस पक्का तयार होतो. अशा जागा मोजक्या, आणि त्यासाठी जगभरातली पोरं रांगेत. परदेशी पदवीवाल्याला त्यातली जागा मिळणं कठीण, अशक्य नव्हे.

म्हणजे काय झालं? आपल्याकडे कोणी "परदेशातून व्हेटर्नरी कार्डिऑलॉजीत पीएचडी" घेऊन आला की आपण हार घालतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे धापा टाकणारा कुत्रा आणतो. त्या बिचाऱ्याने पाच वर्षं पेशींवर काम केलेलं असतं. यात त्याचा दोष नाही, पीएचडीचाही नाही. आपण पाटी न वाचता गाडीत बसतो, मग गाव चुकलं म्हणून ओरडतो.

आता सरकारी योजना बघू. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा. इतर समाजघटकांसाठीही तशा योजना आहेत. मला या योजनांबद्दल आदर आहे, त्यांनी कित्येक घरांतलं पहिलं पोर विमानात बसवलंय. पण अट बघा. विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक यादीत पहिल्या दोनशे-तीनशेंत असलं पाहिजे. ही यादी अख्ख्या विद्यापीठाची असते. तिथलं पशुवैद्यक कसं आहे ते त्यातून कळत नाही.

याचा परिणाम? कोलोराडो स्टेट विद्यापीठ प्राण्यांच्या औषधोपचारात अमेरिकेतल्या अव्वल जागांपैकी एक, पण एकूण यादीत तीनशेच्या बाहेर. लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज १७९१ पासूनचं, पशुवैद्यकाच्या विषयवार यादीत अगदी वरच्या पायरीवर असतं. एकूण यादीत मात्र त्याचं नावच नसतं, कारण एकाच विषयाच्या संस्था त्या यादीत धरत नाहीत. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम ठिकाणी प्रवेश मिळवलेली आपली मुलगी कागदावर "अपात्र", आणि जिथे पशुवैद्यकाचा विभागच नाही अशा नामांकित विद्यापीठात जीवशास्त्र करणारा "पात्र". क्यूएसचीच विषयवार यादी उपलब्ध आहे. ती वापरा, एवढंच म्हणणं आहे. एक शासन निर्णय, दोन ओळींचा बदल.

दुसरी अडचण जास्त खोल. या योजना पदवीला पैसे देतात. रेसिडेन्सी ही पदवी नाही, ते प्रशिक्षण आहे, शेवटी बोर्डाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यामुळे जिथे हात तयार होतो तिथे शिष्यवृत्ती नाही, आणि जिथे शिष्यवृत्ती आहे तिथे हात तयार होईलच असं नाही. केंद्राकडे भारतीय कृषी संशोधन परिषदेची नेताजी सुभाष आंतरराष्ट्रीय फेलोशिप आहे, तीही पीएचडीसाठी, आणि तिच्यात शेती, मत्स्य, पशू सगळे एकाच रांगेत.

खरं तर शुद्ध पीएचडीला सरकारी शिष्यवृत्तीची गरजही कमी असते. अमेरिकेत चांगल्या प्राध्यापकाकडे पीएचडी मिळाली तर फी माफ होते आणि खर्चापुरतं मानधन मिळतं. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी नोकरच असतो. पैसा अडतो तो परवाना परीक्षांसाठी, इंटर्नशिपच्या वर्षासाठी, जाण्यायेण्यासाठी. नेमका तिथे आपला हात आखडतो.

एवढं करून पोरगं परत आलं समजा. पुढे?

माझ्या ओळखीतला एक जण आला होता. कुठून, कोणत्या कॉलेजात, ते सांगत नाही, माणूस अजून नोकरीत आहे. चांगलं शिकून आला, इको छान करायचा. त्याला नेमलं मेडिसिनच्या विभागात, कारण आपल्याकडे एमव्हीएससीला मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र असे विभाग असतात, कार्डिऑलॉजी नावाची खुर्चीच नसते. मशीन होतं, हृदयाचा प्रोब नव्हता. प्रोबची मागणी केली, निविदा निघाली, निविदेला एकच जण आला म्हणून रद्द झाली, परत निघाली. तोवर त्याला परीक्षा विभागाचं काम, वसतिगृहाचं काम, निवडणुकीची ड्यूटी. दोन वर्षं त्याने स्वतःच्या खिशातून घेतलेल्या छोट्या ईसीजी यंत्रावर काढली. हृदयाचे रुग्ण येत होते, पण त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, कारण केसपेपर काढणाऱ्याला माहीतच नव्हतं की असा कोणी आत बसलाय. आता तो मुख्यतः शिकवतो. वाईट शिकवत नाही. पण शिकला होता वेगळ्यासाठी.

आणि मग आपण "ब्रेन ड्रेन, ब्रेन ड्रेन" म्हणून गळा काढतो. जे तिकडेच राहिले त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्या माणसाने हाताची विद्या कमावली, त्याला हात चालवायला जागा लागते.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवते. अमेरिकेत प्राण्यांच्या हृदयरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड डेटवायलर यांचं नाव पहिलं घेतात. त्यांनी आणि पॅटरसन यांनी काय केलं? आपल्याच गावच्या, फिलाडेल्फियाच्या दवाखान्यात येणारी कुत्री तपासली, साडेचार हजारांहून जास्त. कोणाला हृदयाचं दुखणं आहे, कोणतं, कोणत्या जातीत, कोणत्या वयात, सगळं मोजलं आणि १९६५ मध्ये छापलं. त्या मोजणीच्या आधाराने पुढची संशोधनं उभी राहिली.

आता परळला या. बाई साकराबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, आपण त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून तिथेच. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिथे जनावरांची रांग लागतेय. आपल्या स्पिट्झना, आपल्या गल्लीतल्या देशी कुत्र्यांना झडपेचं दुखणं किती आणि केव्हा होतं, याची मोजणी करायला अजून कुठली जागा पाहिजे? देशी कुत्र्याचं हृदय चिवट असतं म्हणतात. असेलही. मोजल्याशिवाय ते म्हणणंच राहणार.

आणि आपण हे करूच शकत नाही असं नाही. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती. बुळकांड्यासारख्या साथींनी गुरं मरत होती, म्हणून इंग्रजांनी काढली. हेतू त्यांचा काहीही असो, प्रश्न इथल्या गोठ्यातला होता. तो बुळकांड्या २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. परदेशी पाठवताना प्रश्न इथला द्या. पीएचडीचा विद्यार्थी तिथलं तंत्र शिकेल, तिथल्या मार्गदर्शकाखाली काम करेल, पण दोन हंगाम इथे येऊन पंढरपुरी म्हशीवर, देवणीवर, लाळ-खुरकुतीतून वाचलेल्या वासरांवर मोजमाप करेल, अशी रचना हवी. दोन मार्गदर्शक, एक तिकडचा, एक इकडचा. नागपूरच्या आपल्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला हे ठरवता येईल, त्यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. जाण्याआधीच ठरवा की परत आल्यावर तो कुठे बसणार, कोणतं यंत्र मिळणार, आठवड्यातले किती दिवस फक्त हृदयाचे रुग्ण बघणार. मशीन त्याच्या आधी येऊन पडलेलं असू दे. आणि बाँड लिहून घेताय ना, मग तो दोन्ही बाजूंनी लिहा. पोराने पाच वर्षं सेवा द्यायची, आणि संस्थेने पाच वर्षं त्याला त्याचंच काम द्यायचं.

दर जिल्ह्याला एक हृदयतज्ज्ञ कोणी मागत नाहीये. राज्यात सुरुवातीला दोन जागा झाल्या, परळला आणि नागपूरला, तरी पुष्कळ. एक तयार माणूस वर्षाला जिल्हा सर्वचिकित्सालयातले दहा डॉक्टर बोलावून पंधरा दिवस बसवेल. फुगलेली शीर कशी बघायची, पोळीची सूज घटसर्पाची की तारेची, साध्या अल्ट्रासाऊंडवर काळजाच्या पिशवीतलं पाणी कसं ओळखायचं. गर्भ तपासायला घेतलेली अल्ट्रासाऊंड यंत्रं कित्येक तालुक्यांत आहेत, तेच यंत्र कोपरामागे धरायचंय. खरा फायदा इथून गावात उतरेल.

खासगी क्षेत्र करील की, असं काहीजण म्हणतात. करतंयही. २०२० मध्ये दिल्लीत एका कॉकर स्पॅनियलला पेसमेकर बसवला गेला. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय उघडलं. आनंदच आहे. पण तारेने मरणारी म्हैस महालक्ष्मीला जाणार नाही, आणि लीची रोगाच्या शेडवर कोणी पेसमेकरवाला येणार नाही. ते काम सरकारी कॉलेजांचंच.

आता ज्या पोरापोरींना जायचंच आहे त्यांच्याशी थेट बोलतो. आधी स्वतःला विचारा, तुम्हाला रुग्ण बघायचेत की प्रश्न सोडवायचाय? दोन्ही चांगलं, पण रस्ते वेगळे. रुग्ण बघायचे असतील तर पीएचडीच्या मागे लागायच्या आधी परवान्याची परीक्षा आणि इंटर्नशिप बघा. प्राध्यापकाला मेल टाकताना "मला तुमच्या विद्यापीठात शिकायचं आहे" असं लिहू नका, तसे मेल त्यांना रोज पन्नास येतात. तुम्ही इथे पाहिलेल्या वीस हृदयरुग्णांच्या नोंदी ठेवा. वय, जात, आवाज कुठे ऐकू आला, एक्स-रे, काय दिलं, काय झालं. त्या वीस नोंदी तुमच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतील. आणि मुलाखतीत सरळ विचारा, तुमच्याकडे येऊन मला इकोला हात लावता येईल का, आठवड्यात किती तास? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

पालकांनो, एजंटांपासून जपा. "पशुवैद्यकात परदेशी पीएचडी, हमखास" अशा जाहिराती दिसायला लागल्यात. पीएचडीला प्रवेश प्राध्यापक देतो, एजंट नाही. त्यासाठी शेत गहाण ठेवायची वेळ येत असेल तर काहीतरी चुकतंय.

आता मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला, इथे शिकणाऱ्यांनी किंवा शिकवणाऱ्यांनी खाली लिहा: तुमच्या कॉलेजच्या दवाखान्यात ईसीजी चालू आहे का, इकोचा हृदयाचा प्रोब आहे का, आणि गेल्या महिन्यात तो किती जनावरांवर वापरला गेला? नाव घालायचं नसेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. यादी झाली की ती पशुसंवर्धन आयुक्तालयाला आणि विद्यापीठाला अर्जाबरोबर जोडून देणार आहे.